तिरक्या कापाचा मिठाचा साबण

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे नाहीत, मी घरी केलेला मिठाचा साबण वाण म्हणून द्यायचा, असं मी डिसेंबरच्या सुरुवातीलाच बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकून मोकळी झाले. कुणी विचारलं होतं? कुणीच नाही. पण माझी जीभ गप्प बसेल तर शपथ!

सासूबाई मालवणकडच्या. बोरिवलीत उभा जन्म गेला, तरी रागावल्या की थेट मालवणीत. "माझ्या टोपात तां कॉस्टिक घालशीत तर बघ!" एवढं बोलून त्यांनी डबेवाल्या दुकानदाराला फोनही केला. म्हणजे साबण फसला, की पस्तीस बायकांसमोर डबे वाटले जाणार आणि माझं नाक कापलं जाणार.

खोबरेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून घोटलं, दाट झाल्यावर मीठ ढवळलं, ट्रेमध्ये ओतलं. व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या, चोवीस तास हात लावू नका. नाही लावला. दुसऱ्या दिवशी सुरी टेकवली तर लादी! जोर केला तर भुगा. मीठ अर्धं करून पुन्हा केला, तरी तेच. रडले हो मी, ओट्यापाशी उभी राहून ढसाढसा.

साबण महिनाभर सुकायला हवा, त्यामुळे तिसरा घाणा शेवटचाच. ओतून तासभर झाला असेल, सासूबाई आल्या आणि ट्रेला बाहेरून हात लावला.

"घट झालो. अजून ऊन आसा. काप."

"आई, उद्या कापायचा असतो."

"उद्या? वडी थंड झाल्यार कोण कापता गो?"

नारळाच्या वड्या मी शाळेत असल्यापासून करतेय, गरम असतानाच काप पाडतेय. आणि इथे मिठामुळे तासाभरात घट्ट होणारा साबण समोर ठेवून दिवसभर बसून राहिले. अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे! व्हिडिओतल्या बाई साध्या साबणाचं सांगत होत्या, हेही मला तेव्हाच कळलं.

भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवून सासूबाईंनी जुनी सुरी घेतली. एकही कण सुटला नाही. मी "चौकोनी, आई, चौकोनी!" म्हणून ओरडेपर्यंत हाताच्या सवयीने अख्खा ट्रे शंकरपाळ्यांसारखा तिरका कापून झाला होता. डबेवाल्याला 'नको' म्हणून त्यांनीच कळवलं.

हळदीकुंकवाला तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी साबण उलटसुलट करून पाहिला. "अगं, हा असा तिरका काय? काखेत टोचेल ना!"

मेले, वाट लागली.

सासूबाई कुंकू लावता लावता म्हणाल्या, "आमच्याकडे साबण तिरकाच कापतात." जणू सात पिढ्या हेच चाललंय.

लग्नाला नऊ वर्षं झाली. माझ्या हातच्या एखाद्या गोष्टीला त्यांनी 'आमच्याकडे' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.