मालनची तिसरी फेरी

मालन सोशिक होती. सोशिकपणा हा मोठा गुण आहे असं सांगणाऱ्यांनी बहुधा नववा महिना काढलेला नसतो.

वेंगुर्ल्याकडची ही पोर लग्न होऊन विक्रोळीच्या चाळीत आली. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज तिच्या वाट्याला आलाच नाही. माहेरी पोरगी हक्काने कण्हते, हे हवं ते हवं म्हणते. सासरी मात्र दुखलं तरी आधी पदर सावरायचा, असं मालनच्या डोक्यात पक्कं बसलेलं. सासू शेवंतीबाई बोलायला फटकळ. नवरा सहदेव कारखान्यात पाळीला जायचा आणि काही विचारलं की ‘आईला विचार’ म्हणून मोकळा व्हायचा.

आठवा लागला तसे संध्याकाळी पाय सुजू लागले. पाठीवर निजवेना, कुशीवर निजलं तर बाळ बरगडीत ढुशा मारायचं. दोन घास जास्त झाले की छातीत जळजळ. नवव्यात पोट खाली उतरलं. श्वास मोकळा झाला, पण चाळीच्या टोकाच्या संडासाकडे सारख्या खेपा सुरू झाल्या. मधेच पोट दगडासारखं घट्ट व्हायचं आणि सैल पडायचं. हे सगळं असंच असतं की काहीतरी बिघडलंय, हे तिला कळायचं नाही आणि विचारायचा धीर व्हायचा नाही.

अशाच घट्ट पोटाला घाबरून ती दोनदा रिक्षाने प्रसूतिगृहात जाऊन आली. तिथल्या हिल्डा सिस्टरने समजावलं, “चालल्यावर थांबतात त्या खोट्या कळा. खऱ्या थांबत नाहीत, वाढत जातात, लवकर लवकर येतात. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाचं हलणं कमी झालं, तर मात्र कशाची वाट बघू नकोस.” मालनने मान डोलावली. पण दुसऱ्या वेळी रिकाम्या ओटीने परतताना सगळी चाळ गॅलरीत उभी होती, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मे महिन्यात चाळीतल्या बायका गॅलरीत पापड लाटायला बसल्या. मालनही पोळपाट घेऊन बसली. शेजारची जानकी म्हणाली, “काय गं, आज रिक्षा नाही बोलावली? रिक्षावाला विचारत होता ना तुला.” बायका खो खो हसल्या. मालनही हसली. सकाळपासून कंबरेतून उठलेली कळ पुढे ओटीपोटात येत होती आणि चालून पाहिलं तरी थांबली नव्हती. तरी ती लाटत राहिली. पुन्हा परत पाठवलं तर कुठल्या तोंडाने या बायकांत बसायचं, एवढंच तिच्या मनात होतं. बाळ सकाळपासून फारसं हललेलं नाही, हेही तिला जाणवलं होतं.

शेवंतीबाई समोर लाट्या करत होत्या. सुनेचं लाटणं मधेच थांबतं, बोटं पांढरी पडतात आणि पुन्हा चालू होतं, हे त्यांनी पाहिलं. असं चार-पाच वेळा झालं.

“कळो येतत मां गो?” त्यांनी विचारलं.

“नाही हो आई. पाठ अवघडलीय.”

“बाळ हलता?”

मालनने लाटणं खाली ठेवलं. शेवंतीबाई पिठाच्या हातानेच उठल्या.

“चल.”

“आणि परत पाठवलं तर? सगळे हसतील.”

“हसांदेत. परत धाडल्यानी तर परत येवया, नि उद्या परत जावया.” मग त्या खाली वाकल्या आणि हळू आवाजात बोलल्या, “माजा पयला पोर असाच गेला. सासू काय म्हणात म्हणान मी गप ऱ्हवलंय. सहदेव त्याच्या मागचो.”

शेजारी बसलेल्या जानकीलाही ते ऐकू गेलं. तीच लाटणं टाकून रिक्षा आणायला धावली.

हिल्डा सिस्टरने पोटावर नळी टेकवून कान लावला आणि तिचा चेहरा गंभीर झाला. “ठोके मंद आहेत. बरं झालं आलात, अजून वेळ काढला असता तर कठीण होतं.” डॉक्टरीणबाईंना निरोप गेला. मालनला आत घेतलं आणि शेवंतीबाईंना दाराबाहेर बसवलं.

आत मालन ओठ दाबून पडून राहिली. कळ आली, गेली, पुन्हा आली. सिस्टर म्हणाली, “अगं, ओरड की. इथे कोण बघतंय?” मालनला ते जमेना. मग अशी एक कळ आली की लाज, पदर, चाळ, सगळं वाहून गेलं आणि तिने छत हादरेल अशी हाक मारली, “आई!”

“हयच असंय गो बाय,” दाराबाहेरून तेवढ्याच मोठ्याने ओ आली. “कितीय आरड. मी खंय जाणंय नाय.”

मालनने पुन्हा हाक मारली, पुन्हा ओ आली. शेवटी एक तिसराच बारीक, चिडका आवाज त्या दोघींच्या वरताण सुरू झाला, तेव्हाच त्या गप्प झाल्या.