स्वस्तातला मदरबोर्ड आणि कूलरसमोरची जागा

चंद्रपुरातल्या माझ्या सासुरवाडीला एकच कूलर होता. पत्र्याचा, गल्लीतल्या टिनवाल्याकडून करून घेतलेला, तिन्ही बाजूंना खसच्या ताट्या लावलेला. उन्हाळ्यात त्या घरात कोण किती मोठा हे कोणाला विचारावं लागत नसे, कूलरसमोर कोण बसलंय ते पाहिलं की झालं. समोरच्या हाताच्या खुर्चीत माझे साडभाऊ बसत. मी दाराजवळच्या दिवाणावर. त्यांना लागून उरलेली हवा दाराबाहेर जाता जाता मला भेटून जायची.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. गडचांदूरकडे एका सिमेंट कारखान्यात ते कॉम्प्युटर विभागात होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत लोक देवळात गेल्यासारखे चपला काढून जात. त्या खोलीत एसी असा कडक असे की साडभाऊ मे महिन्यात डब्याबरोबर स्वेटर घेऊन कामाला जायचे. अख्खं चांदा, म्हणजे आमचं चंद्रपूर, भाजून निघतंय, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि हा माणूस हातावर स्वेटर टाकून निघालाय. त्यांच्या क्वार्टरचा मला हेवा होता, स्कूटरचा होता, पगाराचा तर होताच. पण त्या करड्या, हातानं विणलेल्या स्वेटरनं माझ्या पोटात जितकं दुखलं तितकं दुसऱ्या कशानं दुखलं नाही.

माझ्या बायकोनं एकदा सहज विचारलं, "तुमच्यासाठी पन विनू का एक?"

"आनि घालू कुठी?" मी म्हणालो. "सोल्डरिंग करताना?"

गोल बाजाराच्या मागं माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पत्र्याचं छप्पर, हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न, आणि पंखा लावावा तर बारीक स्क्रू उडून जातात. ती मात्र हसली नाही. आत गेली.

सासरे, म्हणजे आमचे मामाजी, जंगल खात्याच्या कचेरीतून निवृत्त झाले होते आणि घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचे वर्ग चालवत. मूल, सावली, पार गडचिरोलीपासून मुलंमुली शिकायला येत. पलीकडच्या चौकात दुसऱ्या एका टायपिंगवाल्यानं 'लवकरच कॉम्प्युटर' अशी पाटी रंगवली आणि मामाजींची झोप उडाली. आपल्याकडेही कॉम्प्युटर पाहिजे. कंपनीचा तयार घेणं झेपणारं नव्हतं. तेव्हा सुटे भाग आणून घरीच जोडायचा असं ठरलं. घरात दोन जावई. एक दिवसभर कॉम्प्युटरवर बसणारा, दुसरा दिवसभर यंत्रं उघडून बसणारा. मला वाटलं, चला, एकदा तरी आपला नंबर लागला.

जेवणं झाल्यावर मामाजींनी दोघांना बोलावलं. साडभाऊंकडे बोट करून म्हणाले, "पसंत हे करतीन." मग माझ्याकडे वळून, "आनि तुमी जोडसान."

म्हणजे मुलगी त्यांनी पाहायची आणि मांडवाचे बांबू मी गाडायचे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण सासऱ्यासमोर जावयानं रागवायचं ते रुसव्याच्या वेळेलाच, आणि माझा रुसवा तर लग्नातच एका घड्याळावर मिटला होता. मी "बरं" म्हणालो आणि त्या दिवसापासून मिळतील तिथून इलेक्ट्रॉनिक्सची जुनी मासिकं आणून वाचायला लागलो. मदरबोर्डावर बोलायची वेळ आली तर साडभाऊंच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

थंडीत आम्ही दोघं एस.टी.नं नागपूरला निघालो. मी खिशात हात घालेपर्यंत त्यांनी दोघांची तिकिटं काढली. खिडकीची जागाही मलाच दिली. मोठेपणा करायची एकही संधी ते सोडत नसत, आणि मला ती कधी सापडत नसे. भांदकला त्यांनी चहा पाजला, वरोऱ्याला केळी घेतली. जांबपर्यंत मी त्यांच्या उपकारांनी गळ्यापर्यंत भरलो होतो.

सीताबर्डीच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर, मुंबईहून माल आणून विकणारा एक माणूस होता. त्यानं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि दोन मदरबोर्ड ठेवले. मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरचा मूळ पाट. बाकीचं सगळं सामान त्याच्यावर येऊन बसतं, म्हणून तो चुकला की सगळंच चुकतं. एक महाग होता, त्याच्यावर मेमरीच्या चिपा पक्क्या सोल्डर केलेल्या. दुसरा स्वस्त. त्याच्यात चिपांसाठी नुसत्या खोबणी, आणि चिपा अंगठ्यानं दाबून बसवायच्या.

साडभाऊंनी महागाचा उचलला, उजेडात धरून दोन्हीकडून पाहिला आणि म्हणाले, "हा घेऊ. पक्कं काम हाये. सालभर पाहाले लागनार नाई."

त्यांनी स्वस्तातला उचलला असता तर मी महागाची बाजू घेतली असती, यात मला आजही शंका नाही. पण बोलायला लागलो तसं माझं मलाच पटत गेलं. मी म्हणालो, "भाऊ, ह्याच्यातली एक चिप गेली तं अख्खा बोर्ड घेऊन नागपूरले याव लागन. ह्या दुसऱ्यात जुनी काढा, नवी बसवा. चांद्यातच काम होते. आनि मामाजीच्या बजेटातबी बसते." दुकानदारही मान हलवायला लागला. मला जोर चढला. खोबणीचे फायदे मी असे सांगितले की त्या बोर्डाच्या बापानंही सांगितले नसते.

साडभाऊंनी महागाचा बोर्ड खाली ठेवला. दोन्ही बोर्ड पुन्हा एकदा पाहिले, माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, "मामाजीले विचारून येतो," आणि खाली फोन करायला गेले. मामाजींच्या शेजारी औषधाचं दुकान होतं, तिथला फोन सगळ्या गल्लीचा होता.

मी वर बसून राहिलो. मला ठाऊक होतं काय होणार. मोठे जावई म्हणतील ते मामाजींना वेदवाक्य. मनातल्या मनात मी परतीच्या प्रवासाचं तोंड तयार करत होतो.

ते वर आले आणि म्हणाले, "मामाजी म्हनतेत, स्वस्तातलाच घ्या. तुमी म्हनता तोच."

आयुष्यात पहिल्यांदा मामाजींनी मला त्यांच्यापेक्षा वर धरलं होतं. मी चेहरा साधा ठेवायचा प्रयत्न केला, पण जमला नसावा. येताना तो बोर्ड स्पंजात गुंडाळून मी मांडीवर घेतला आणि चंद्रपूर येईपर्यंत कंडक्टरलाही हात लावू दिला नाही. यावेळी केळी मी घेतली.

संक्रांतीनंतर कॉम्प्युटर उभा राहिला. दुकानात बसून मी तो जोडला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली तेव्हा बायको माझ्या मागं उभी होती आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, दिवसाढवळ्या, दुकानात. तो टायपिंगच्या खोलीत मांडल्यावर मामाजींनी नारळ फोडला, डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मग साडभाऊ आले, खुर्चीत बसले आणि पटापट बोटं चालवून त्यांनी पडद्यावर सगळ्या मुलामुलींची नावं एकाखाली एक आणून दाखवली. सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले. मी मागं पेढ्यांचा पुडा धरून उभा. ज्यानं रात्रंदिवस खपून गाडी बांधली त्याला कोणी विचारत नाही, चार पावलं हाकणाऱ्याच्या गळ्यात हार. हे मी बायकोला घरी जाईपर्यंत निरनिराळ्या प्रकारे सांगितलं.

उन्हाळा आला. मामाजींनी कॉम्प्युटर पुढच्या खोलीतून उचलून बैठकीत आणला आणि थेट कूलरसमोर मांडला. मोठ्या जावयाची हाताची खुर्ची ओसरीत गेली. साडभाऊ पुढच्या रविवारी आले, क्षणभर त्या जागेकडे पाहत उभे राहिले, आणि माझ्या शेजारी दिवाणावर येऊन बसले. आम्ही दोघं एकसारखे घामाघूम. मला इतकं गार कधीच वाटलं नव्हतं.

आणि मग कॉम्प्युटर बंद पडायला लागला. सकाळभर कूलरची ओली हवा, दुपारी वीज गेली की बैठकीची भट्टी, संध्याकाळी पुन्हा गारवा. या गार-गरमात खोबणीतल्या चिपा आपोआप केसभर वर सरकायच्या. पहिल्यांदा कारण सापडायला मला खूप वेळ लागला. नंतर झाकण काढायचं, प्रत्येक चिप अंगठ्यानं दाबायची, 'कट्' असा बारीक आवाज आला की झालं. मी मामाजींना म्हणालोही, "त्याले कूलरसमोरून हटवा, पुढच्या खोलीतच बरा होता."

मामाजी म्हणाले, "घरी आलेल्या पाव्हन्याले कोनी उन्हात बसवते का, जवाईबुवा?"

दर चार-आठ दिवसांनी निरोप यायचा, बंद पडला. मी दुकानाचं शटर ओढून जायचो. कॉम्प्युटरपुढं एक स्टूल होतं. त्याच्यावर बसलं की कूलरची सगळी हवा सरळ अंगावर. सासूबाई पन्हं आणून द्यायच्या. मामाजी शेजारी उभे राहून वारा अडणार नाही याची काळजी घ्यायचे. गल्लीतल्या लोकांना सांगायचे, "आमच्या लहान्या जवयाच्या हातात जादू हाये." साडभाऊंनी पसंत केलेला बोर्ड आला असता तर तो मुकाट्यानं चालत राहिला असता आणि मी दिवाणावरच म्हातारा झालो असतो. त्या बोर्डावर माझं पोटच्या पोरासारखं प्रेम बसलं. तो बंद पडला नाही तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

त्या वर्षी धोंड्याचा महिना नेमका ज्येष्ठात आला. धोंड्यात जावयांना बोलावून वाण द्यायचं, तर उन्हाच्या तडाख्यात दोघंही जोडीनं सासुरवाडीला. पाटावर बसून अनारशांची ताटं घेतली, पुरणाचं जेवण झालं आणि ऐन दुपारी मामाजींनी नातेवाइकांना कॉम्प्युटर दाखवायला बटण दाबलं. पडदा काळाच. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नव्या उपरण्याला हात पुसले आणि थाटात जाऊन स्टुलावर बसलो. वीज होती, कूलर जोरात चालला होता. दाराजवळच्या दिवाणावर साडभाऊ रुमालानं मान पुसत होते. ते दृश्य मी डोळे भरून पाहून घेतलं.

मी झाकण काढत होतो आणि मामाजी जमलेल्यांना सांगत होते, "हा बोर्ड ह्याहिनं पसंत केला बरं का." पुरण पोटात गेलेलं, दोन्ही जावई घरात, मामाजींना बोलायचा मूड आला होता. "मी तं फोनवर म्हनलं होतं, मोठे जवाई म्हनतेत तोच महागाचा घ्या, मी करतो पैशाचं कायतरी. तं हेच मले म्हनाले..." त्यांनी दिवाणाकडे बोट केलं. "म्हने, मामाजी, स्वस्तातलाच घेऊ द्या. त्याहिचं मन त्याच्यावर हाये. आनि बिघडला तं त्याहिलेच बलवाव लागन, तेवढंच त्याहिचं येनं-जानं वाढन, मान राहीन."

"जाऊ द्या ना मामाजी," साडभाऊ घाईनं म्हणाले. "कायची गोष्ट काढून राह्यले."

"काऊन? चांगलंच तं केलं तुमी."

सगळे कौतुकानं दिवाणाकडे पाहायला लागले. बायको दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती.

माझा अंगठा एका चिपेवर होता. नागपूरच्या त्या टेबलावर मी काहीच जिंकलो नव्हतो. हे स्टूल, ही हवा, पन्ह्याचा पेला, जादूचा हात, सगळं मला एस.टी.च्या तिकिटासारखं, खिशात हात घालायच्या आत, त्यांनी काढून दिलं होतं. त्यांनी मला फसवलं असतं, हसले असते, तर मी त्यांच्यावर जन्मभर सुखानं जळलो असतो. आता त्यांच्या चांगुलपणावर जळायचं माझ्या नशिबी आलं, आणि ते जळणं स्वेटरपेक्षा फार वाईट होतं. मी चिपा दाबत गेलो. कोणतंही यंत्र सुरू होऊ नये असं मला आयुष्यात तेव्हा एकदाच वाटलं.

बटण दाबलं. काळ्या पडद्यावर हिरवे आकडे चढायला लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी झाकण लावलं, स्टूल मागं सारलं आणि दिवाणाच्याही पलीकडे, उंबऱ्यापाशी, जिथं बाहेरची झळ सरळ तोंडावर येत होती, तिथं जाऊन बसलो.

साडभाऊ वाकून हळूच म्हणाले, "काऊन, थंडी लागली का तिथी?"

त्यांनी ते काळजीनं विचारलं होतं. थट्टेनं विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर होतं.