खंडेनवमीला पुजलेलं विमानाचं हत्यार

देव आणि आमचे सासरे, या दोघांचं मी आजवर फारसं मनावर घेतलेलं नाही. देव कधी बोलत नाही आणि सासरे कधी गप्प बसत नाहीत, म्हणून दोघांशीही वाद घालून फायदा नसतो. मी तरी घालते. पण खंडेनवमीला मात्र गुमान हत्यारं धुऊन देते. विळे, खुरपी, कुऱ्हाड, वखराची पास, फवारणीचा पंप. धार असो नसो, शेतात राबणारं सगळं ओळीनं मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. हत्यारालाही सुट्टी लागते म्हणे. बायांच्या सुट्टीचं शास्त्र अजून कुणी लिहिलेलं नाही.

यंदा त्या ओळीत एक नवीनच वस्तू आली. आमची पोरगी विमान चालवायला शिकते. मोठं नाही, दोन माणसांचं. फोटो बघून तिचे वडील म्हणाले होते की याच्यापेक्षा आपलं मळणीयंत्र मोठं हाय. नवमीला ती घरी आली, तर तिच्या बॅगेतून वीतभर लांबीचं एक जड हत्यार निघालं. एका बाजूला पोलादी अणी, दुसऱ्या बाजूला आकडा, आणि आकड्याच्या आत लपवलेलं पातं.

मी सहज विचारलं, हे कशाला? तीही तितक्याच सहज सांगायला लागली. विमान कुठं शेताबितात आदळलं आणि अंगावरचा पट्टा अडकून बसला, तर आकड्यानं कापायचा. वरचं झाकण उघडेना तर अणीनं फोडायचं. ते काचेचं नसतं, जाड प्लास्टिकचं असतं, लवकर फुटत नाही, म्हणून एकाच जागी घाव घालत राहायचं. पाना दाखवावा तसं दाखवत होती. माझ्या हातातला पुरणाचा गोळा हातातच राहिला. गावभर मी छातीठोक सांगत फिरले होते की तसलं विमान पडत नसतं, इंजिन बंद पडलं तरी घारीसारखं तरंगत खाली येतं. हे मला तिनंच सांगितलं होतं. पडत नाही तर हे काय नारळ फोडायला दिलंय का, म्हणून मी तिच्यावर खेकसले. ती म्हणाली, सहसा पडत नाही. त्या ‘सहसा’वर मी पुरणाचा गोळा परातीत आपटला.

तेवढ्यात तिच्या वडिलांनी ते उचललं आणि कौतुकानं कुऱ्हाडीशेजारी मांडलं. लेकीचं हत्यार ना! सासऱ्यांनी त्याला लाल दोरा गुंडाळला, आकड्यात कुंकू भरलं, वर झेंडू खोचला. पार नवरदेव केला त्याचा. पूजा उरकली, जेवणं झाली आणि पोरगी बॅग भरायला लागली. पूर्णा स्टेशनहून दुपारची गाडी होती. दसरा तिचा गाडीतच जाणार होता, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला पहिल्यांदाच एकटीनं विमान न्यायचं होतं. शेजारी शिकवणारा नाही, कुणी नाही. हत्यार घ्यायला ती वाकली तसे सासरे आडवे आले. पुजलेलं हाय, उद्यापर्यंत हलायचं न्हाई.

सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण अशा वेळी सासऱ्यांशी भांडायचं खातं घरात माझ्याकडंच आहे. मी मात्र डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाले, मोठ्या माणसांचं बरोबर हाय, अपशकुन होतो. सासरे घाबरलेच. नवऱ्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. माझा हिशोब साधा होता: हत्यार नसेल तर ती विमानात बसणार नाही. एकदा लांबलं की लांबतच जाईल, तोवर बँकेच्या परीक्षेचं बघू. जन्मभर देवाची टिंगल केली आणि गरज पडली तेव्हा त्याच्याच मागं लपले.

वाकलेली पोरगी सरळ झाली.

"राहू दे मग," ती म्हणाली. "मी त्याच्याबिगर जाते."

आणि बॅगेची चेन लावली. रागानं नाही, अगदी शांतपणे. ती जाणारच होती. हत्यार घेऊन की रिकाम्या हातानं, एवढंच काय ते माझ्या हातात उरलं होतं.

मी उठले आणि पूजेतनं हत्यार उचललं. झेंडू सासऱ्यांच्या पायावर पडला. ते काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, हे लेकरंही वाचतील. पदरानं आकड्यातलं कुंकू पुसलं, तरी जिवाला घोर. पातं कुंकवानं बोथट झालं असलं तर? बाहेर दिराची गाडी उभी होती, तिला स्टेशनला सोडायला. आमच्याकडं गाडीत पट्टा कुणी बांधत नाही. गाडीनं खामखा टुंटुं करू नये म्हणून तो सीटच्या मागून फिरवून कायमचा खोचलेला असतो. मी पुढच्या सीटवर चढले, पट्टा सोडवला, स्वतःला बांधून घेतलं आणि पोरीला म्हणलं, दाखव कसं. तिनं आकडा तिरपा धरायला लावला. मी एक हिसका दिला आणि काकडी कापावी तसे पट्ट्याचे दोन तुकडे झाले. दिरानं कपाळावर हात मारून घेतला. मी हसत होते आणि डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. लय बरं वाटलं.

मग लक्षात आलं की त्या सीटवर पोरगीच बसणार, आणि आख्ख्या पंचक्रोशीत पट्टा लावणारी ती एकटीच. मी मागं सोयाबीनच्या पोत्यांशेजारी बसले, सीटच्या दोन्ही बाजूंनी हात पुढं काढले आणि तिच्या पोटावर बोटांत बोटं अडकवली. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. दीर दर खड्ड्याला पट्ट्याचं नाव काढून मला बोलत होता. माझे हात भरून आले, मुंग्या आल्या. ती हत्यार मांडीवर घेऊन बसली होती.

स्टेशनसमोर गाडी थांबली. दिरानं बॅग खाली काढली.

"आई, सोड आता."

मी सोडायला गेले, पण बधिर झालेली बोटं सुटेनात. तिनंच ती एकेक करून सोडवली.