टोख्तारमामाचं अणुयुद्ध

टोख्तार-अगा पहिल्यांदा माझ्या कॉम्प्युटर क्लबात शिरले तेव्हा मला वाटलं, म्हातारा मुतारी विचारायला आलाय. सेमेयच्या बसस्टँडसमोर दुकान म्हटलं की असली गिऱ्हाइकं रोजचीच. पण हे गृहस्थ फरची टोपी काढून, खुर्ची ओढून नीट बसले आणि म्हणाले, "पोरी, मला अणुयुद्ध शिकव."

"अगा, वय काय तुमचं, मागताय काय!" मी म्हणाले. थोरामोठ्यांना आम्ही अगाच म्हणतो.

"वय जाऊ दे. माझा भाचा तो खेळ खेळतो."

भाचा म्हणजे मेइराम. अगांची बहीण झेइनेप रक्ताच्या आजारानं गेली तेव्हा हा नुकता बोबडं बोलायला लागला होता. तो आजार आमच्या भागात कुठून येतो, हे इथं कुणी कुणाला विचारत नाही. अगांनी लग्न केलं नाही. बेकरीची गाडी चालवली आणि भाच्याला वाढवला. मेइराम मोठा झाला, ट्रक चालवायला शिकला, जर्मनीला निघाला. जाताना मामापुढे उभा राहिला, बाता मागायला, म्हणजे आशीर्वाद.

आता आमच्यात भाच्यानं मामाकडे काही मागितलं तर नाही म्हणायची सोय नाही. घोडा मागो, बंदूक मागो, मुकाट्यानं द्यायचं. आणि हा बाबा म्हणाला, "नाही देत. जा तसाच!" आशीर्वादाशिवाय पोरगा उंबरा ओलांडणार नाही, असं यांचं गणित. पोरानं ओलांडला. त्यानंतर ना फोन, ना निरोप. शाळेतल्या एका मित्राला तेवढं सांगून ठेवलं, की मामाला माझा नंबर द्यायचा नाही. त्याच मित्राकडून अगांना कळलं, की मेइराम दर रविवारी हा खेळ खेळतो आणि तिथं त्यानं नाव घेतलंय देगेलेन. देगेलेन म्हणजे यांच्या गावामागचा डोंगर.

"आणि तिथं गाठून काय करणार? त्याच्यावर बॉम्ब टाकणार?" मी विचारलं.

"नुसता शेजारी बसेन. घरात दोघं जण न बोलता चहा पितात ना, तसा. फार आठवण येते गं."

एवढ्यावर माझ्यासारखी खाष्ट बाईसुद्धा विरघळली. शिकवायला बसले.

पहिल्या दिवशी सांगितलं, "क्षेपणास्त्रं मागाहून, आधी रडार. ज्याला दिसत नाही तो मेला." मान डोलावली आणि रडार न बांधता सगळं अस्त्रभांडार झाडून मोकळे झाले! मी कपाळावर हात मारला. "अहो अगा, जो तळ मारतो, तोच तळ आपल्यावर येणारी क्षेपणास्त्रं पाडतो. तो मारण्यात गुंतला की राखण कोण करणार? नवखे इथंच मरतात. दम धरायचा. शेवटी मारतो तो जगतो."

"दम धरायला कधी जमलंय मला?" अगा म्हणाले.

तळ शहराला खेटून बांधू नका, हे मात्र त्यांना चटकन पटलं. शत्रू तळ उडवतो आणि शहर फुकट जातं. मी नकाशावर सेमेयजवळ बोट ठेवलं. "इथं टाका. रिकामा माळ आहे."

त्यांनी हातातला माऊस सोडला. "रिकामा कोण म्हणतं?"

"अगा, खेळ आहे हो."

"तेव्हा अणुबॉम्ब फोडून बघणाऱ्या साहेबांनाही असंच दिसलं होतं नकाशावर. आम्ही काय तिथं गवत होतो?"

माझी आई त्याच माळावरची. मी बोट उचललं. त्यांनी आपला तळ पार उत्तरेच्या बर्फात नेऊन ठेवला. तिथून एक क्षेपणास्त्र धड पोचेना, पण माळावर काही बांधायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत.

एक गोष्ट मी रोज घोकून घेतली. "मित्र जोडा, पण त्याला आपलं काही देऊ नका. या खेळात शेवटी सगळे मित्र उलटतात." ते हो हो म्हणायचे. सगळा हिवाळा असा गेला. दर रविवारी दुपारी यायचे, पडद्यावरची खेळाडूंची नावं एकेक करून वाचायचे, देगेलेन नसला की पडलेल्या चेहऱ्यानं खेळायचे. मी चहा ठेवायचे आणि चिडायचे, त्यांच्यावर कमी, त्या भाच्यावर जास्त.

इर्तिश नदीवरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात तो सापडला. अगांना टाइप करायला जमेना, कळा मीच दाबल्या. "सोबत खेळू?" आमच्याच भाषेत लिहिलं. खेळात यांचं नाव मी 'नवखा' ठेवलेलं.

"ये," उत्तर आलं. "पण लुडबुड करू नकोस."

थोड्या वेळानं देगेलेननं लिहिलं, "तुझं एक रडार दे." अगांनी दिलं. मी ओरडले, "अहो, काय करताय!" मग त्यानं पाणबुड्या मागितल्या. दिल्या. विमानं मागितली. तीही दिली. शिकवलेलं सगळं केरात! यांची शहरं उघडी पडली, एकेक जळायला लागलं, आणि हा माणूस गालातल्या गालात हसतोय.

"अरे, तू येडा आहेस का?" देगेलेननं लिहिलं. "इथं कुणी कुणाला काही देत नाही. मामाच्या घरी मागावं तसं मिळतंय."

 पडद्यावर आणखी एक शहर गेलं. आणि एकच शब्द उमटला. "मामा?"

अगा कळा शोधत बसले. मीच माईक चालू केला. स्पीकरही चालू केला, ऐकायचं होतं मला.

"मेइराम," अगा म्हणाले, "तब्येत बरी आहे ना रे?"

"बरी आहे. तुम्ही हा खेळ कशाला शिकलात?"

"तू इथं आहेस म्हणून."

 मग तो बोलला. लग्न झालंय, मुलगी झालीय, झेइनेप नाव ठेवलंय. बहिणीचं नाव ऐकून अगांनी डोळे पुसले.

"पण मी परत येणार नाही, मामा. तुम्ही दारात उभे असाल असं वाटतं आणि घास उतरत नाही माझा. एक मागू?"

"माग."

"माझी वाट बघू नका."

नाही म्हणा, मी मनात ओरडत होते. एवढं एक नाकारा! पण अगांनी पडद्यासमोर, बाता देताना धरतात तसे, दोन्ही तळवे उघडे धरले. "दिलं," म्हणाले. "तुझी वाट सुखाची होवो, पोरा. तुझी झेइनेप म्हातारी होईपर्यंत जगो." आणि तळवे तोंडावरून फिरवले. तिकडे मेइराम हमसून रडायला लागला आणि तसाच निघून गेला.

माझं टाळकं सरकलं. "अहो, असं कसं दिलंत? काय मागत होता तो, कळलं तरी का?"

"भाचा आहे," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा नाही म्हणू?"

टोपी घातली, दारापर्यंत गेले आणि मागे वळले. माझ्याकडे असं बघितलं, जसं काही खरंच मला ठाऊक असेल.

"पोरी, मग आता रविवारी मी काय करू?"