कडुलिंब काढला त्या दिवशी

मुलाच्या कानामागे लाल पुरळ दिसलं तसा सासूबाईंनी सायखेड्याच्या आमच्या घराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. गोवर निघालेल्या घरात फोडणी द्यायची नाही, बाहेरच्याने उंबरा ओलांडायचा नाही, हा त्यांचा कायदा. माझी नणंद तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी यायची होती. तिलाही त्यांनी फोन करून थांबवलं.

नवऱ्याला हे सगळं खुळचट वाटायचं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग ही म्हण त्याच्यासाठीच केली असावी. डॉक्टरांना न विचारताच त्याने त्याच दिवशी नाशिकच्या एका लॅबमध्ये पोराचं रक्त दिलं आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट नाचवत आला.

"आई, गोवर नाही. निगेटिव्ह आहे."

सासूबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणूनच छापील कागदावर त्यांचा फार विश्वास. "कागद कशाला खोटं बोलंल?" म्हणत त्यांनी स्वतः डहाळा काढला आणि लेकीला फोन केला, "ये गं बाई, काय नाय झालं." मीही खुशीत आमटीला लसणाची फोडणी दिली.

नणंद आली. तिची मुलगी अजून गोवराची लस टोचायच्या वयाचीही नव्हती. ती माझ्या तापलेल्या पोराशेजारी गोधडीवर खेळली. पुढे तीही तापली, अंगभर पुरळ उठलं, कान वाहू लागला. डॉक्टरांनी आमच्या मुलाचंही रक्त पुन्हा तपासायला लावलं. या वेळी गोवर निघाला.

जुना रिपोर्ट पाहून ते म्हणाले, "पुरळ उठलं त्याच दिवशी रक्त घेतलंत? अहो, गोवराची खूण रक्तात दिसायला चार दिवस तरी जाऊ द्यायचे. आधी घेतलं तर गोवर असूनही निगेटिव्ह येऊ शकतं."

मला नवऱ्याचा राग आला, अजूनही येतो. कागद खोटं बोलला नव्हता. आम्हीच त्याला घाईने विचारलं होतं. तो डहाळा चार दिवस दारावर राहिला असता तर!

भाची वाचली, पण डावा कान गेला. आता शाळेत जाते, कुणी बोलू लागलं की उजवा कान पुढे करते. नणंदेने आम्हाला कधी बोल लावला नाही, तेच जास्त लागतं.

सुट्टीत भाची आली की सासूबाई तिची वेणी घालतात. घालता घालता तिच्या डाव्या कानाशी वाकून पुटपुटतात, "मीच ये म्हणले गं."

त्या कानाने तिला ऐकू येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.