बसूची पेढेतुला

समाजासाठी बसवराजअप्पांनी आपला देह झिजवला, असं शोकसभेत चार वक्त्यांनी सांगितलं. मी पहिल्या रांगेत होतो. बसू माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचा देह झिजला नव्हता, आठ महिन्यांत चाळीस किलोंनी वाढला होता. तो कसा वाढला हे त्या चारही वक्त्यांना ठाऊक होतं, कारण भरवणारे तेच होते.

धाराशिवकडच्या वाशीत बसूची खव्याची भट्टी. जन्मभर कढईपुढं उभा राहिलेला काटक माणूस. स्वतःचा खवा बोटभर चाखून हात पुसणारा. पुढं तो खवा उत्पादकांच्या संघाचा अध्यक्ष झाला, साठीला आला आणि सत्कार समितीनं त्याची पेढेतुला ठरवली. एका पारड्यात अध्यक्ष, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचे पेढे. एवढ्यावर भागलं असतं. पण आदल्याच वर्षी येरमाळ्याच्या खवेवाल्या दत्तूनानांची तुला झाली होती. बसू तिकडं गेला नव्हता, पण फलक वाशीच्या स्टँडसमोरही लागला: 'अठ्ठ्याण्णव किलो पेढेतुला', आणि वर नानांचा हसरा चेहरा. बसू रोज त्या फलकाखालून भट्टीवर जायचा. त्याचं स्वतःचं वजन एकोणसाठ.

"एकोणसाठ किलोला लोक हसतील रे," तो म्हणाला. "पोरीच्या साखरपुड्याला याच्यापरीस जास्त पेढे लागले."

"मग पेढेतुला नको म्हण. शाल-नारळ घे."

"शाल-नारळ मास्तरला पुरतं. तुला न्हाय कळायचं."

मग खाणं सुरू झालं. सकाळी साखर घातलेला खवा आणि डझनभर केळी, दुपारी तुपात बुडालेल्या पोळ्या, आणि जेवल्यावर हलायचं नाही, असा समितीचा दंडक. दर सोमवारी भुसार अडतीच्या काट्यावरून सोयाबीनची पोती उतरवायची आणि बसूला चढवायचं. आकडा वाढला की टाळ्या. एकदा मी नेमका जेवणाच्या वेळी गेलो. त्याच्या हनुवटीवरून तूप ओघळत होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि समितीचा सचिव वाडगा धरून म्हणत होता, "अप्पा, दोनच घास. येक नानांच्या नावानं." बसू उठला, न्हाणीत जाऊन ओकला, तोंड धुऊन परत ताटावर बसला. सचिवानं वाडगा पुन्हा भरला.

शेवटी महादेवीवहिनींनीच मला गाठलं. "भावजी, तुमचं तरी ऐकतील... झोपेत श्वास थांबतोय. मी हलवून हलवून जागं करते." मी त्याला धाराशिवला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी कागद चाळले. रक्तदाब, साखर, यकृतावर चरबी. "हे सगळं तुम्ही काही महिन्यांत कमावलंत. या वयात, इतक्या घाईनं वजन वाढवलं तर हृदयानं काय करायचं? आजपासून थांबवा."

"तुलेपर्यंत चालंल का?" बसूनं विचारलं. "मग उतरवतो की."

"पोतं आहे का उतरवायला?" डॉक्टर म्हणाले.

दवाखान्याच्या चार पायऱ्या उतरताना तो दोनदा थांबला. "पत्रिका छापून झाल्यात रे... आता मागं कसं फिरायचं?" छापायला गेलेल्या मजकुरात मानपत्रही होतं आणि ते मी लिहिलं होतं. 'भारदस्त व्यक्तिमत्त्व' हे शब्द माझेच. मी ते खोडले नाहीत.

तुलेच्या दिवशी तेरखेड्याचे फटाके वाजले. बसूचे पाय इतके सुजले होते की मांडी घालता येईना. दोघांनी धरून त्याला पारड्यात टेकवला. नव्व्याण्णव किलो. घामानं निथळत त्यानं गर्दीत मला शोधलं आणि एक बोट वर केलं. एक किलोनं जिंकला होता. पेढे मात्र भर उन्हात तीन तास भाषणं ऐकत राहिले आणि संध्याकाळी वाटताना आंबूस निघाले.

एकविसाव्या दिवशी सकाळी भट्टीवर निघताना तो चप्पल घालायला वाकला आणि तसाच पुढं कलंडला. लिंगायतांत माणसाला बसवून समाधी देतात. बसूसाठी खड्डा दोनदा रुंद करावा लागला.

शोकसभेत त्याचा हार घातलेला फोटो मंडपवाल्याच्या सिंहासनावर ठेवला होता. सभा संपल्यावर दत्तूनाना माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि बराच वेळ तिकडं बघत राहिले. मला वाटलं, गहिवरलेत.

"हीच की हो खुर्ची," ते म्हणाले. "माझ्या तुलेला हीच होती."

"स्टेजवर?"

"न्हाय, पारड्यात. माझे गुडघे गेलेत, मांडी घालता येत न्हाय. खुर्चीसकट तोललं मला."

मंडपवाल्यानं फोटो उतरवून वहिनींच्या हातात दिला. मग खुर्ची टेम्पोत चढवायला त्याला दुसरा माणूस लागला. मी वजन विचारलं.

सागवानी आहे, म्हणाला. पंचवीस किलो.