पहिला बॉल सोड

माझा नवरा कॉलेजात ओपनिंगला जायचा, आणि हे तो अजून कुणाला विसरू देत नाही. इथे अमेरिकेत, श्रूजबरीत, आमची बारा वर्षांची लेक सॉफ्टबॉल, म्हणजे मुलींचं बेसबॉल, खेळायला लागली, तेव्हा त्याने तिला पहिला धडा दिला: पहिला बॉल सोडायचा. बघून घ्यायचा. नजर बसू द्यायची.

अरे, पण हे क्रिकेट आहे का? इथे तीन स्ट्राइक झाले की खेळ खल्लास. मधोमध आलेला बॉल सोडला तरी स्ट्राइक धरतात. पहिलाच असा गेला की बॅटिंग करणारी मागे पडते. मग पिचर तिला वाकडेतिकडे बॉल टाकून नाचवते आणि ही घाबरून कशावरही बॅट फिरवते. हे मला, जन्मात बॅट न धरलेल्या बाईला, दोन मॅचमध्ये कळलं. कोचही सांगून थकली. ह्याचं आपलं एकच, "टेक्निक आहे यार, तुला नाही कळायचं."

समर टीमच्या निवडीआधीची ती शेवटची मॅच. त्या टीमसाठी पोरीने अख्खा हिवाळा गराजमध्ये बॅट फिरवली होती. ती उभी राहिली की हा जाळीमागून ओरडायचा, "सोड, सोड." मराठीत, म्हणजे कुणाला कळतंय. आणि प्रत्येक वेळी पहिला बॉल सरळ, मधोमध, ताटात वाढल्यासारखा. तीनदा उभी राहिली, तीनदा सोडला, तीनदा आऊट. मॅच संपल्यावर कोचने समर टीमची नावं वाचली. तिचं नव्हतं.

आम्ही सामान आवरत होतो. समोरच्या टीमची कॅचर, बॅटिंग करणारीच्या मागे बसते ती मुलगी, मास्क काढून आली. "काका, तुम्ही सोड म्हणालात की मी पिचरला सरळ टाकायची खूण करायचे. सॉरी हां." स्वच्छ मराठीत. आईबाबा नागपूरचे म्हणे. आणि माझा नवरा काय म्हणाला? "अरे वा, किती छान मराठी बोलतेस." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाडीत बसल्या बसल्या मी त्याला फैलावर घेतलं. तुझी नजर बसेपर्यंत पोरीचा समर गेला, म्हटलं. कोण समजतोस तू स्वतःला? त्याने गाडी सुरू केली. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "आई, स्टॉप. आय न्यू." पहिल्या आऊटलाच तिला कळलं होतं. "सोड" ऐकून कॅचर मास्कमागे हसली होती.

"मग मारला का नाहीस?"

"मिस झाला असता तर बाबा म्हणाला असता, सांगितलं होतं ना. अँड यू वुड से नथिंग. आई, यू ओन्ली येल इन द कार."

खरं होतं. चारचौघांत नवऱ्याला कसं गप्प करायचं, म्हणून मी तिन्ही वेळा त्याच्या शेजारी, तिची पाण्याची बाटली धरून उभी होते.